अंगठा द्यायच्या आधी बैठक घ्या

(जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांची बैठक कोल्हापुरात झाली. तिथं आपल्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं हे बोलणं. बऱ्याच गावांनी लिहून मागितलं म्हणून छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं वाडीवर मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मला विषय दिलाय वारसाहक्काचा आणि मुखत्यारपत्राचा. मुखत्यारपत्र म्हणजे आपण ज्याला नुसतं 'पावर' म्हणतो ते. मी वकील नाही. बारावी झाले आणि संघटनेच्या कामाला लागले. पण तलाठ्याकडं, तहसीलला, प्रांताकडं माणसांबरोबर खेटे घालून जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवते.

आपण आजवर कुणाशी भांडलो? वनखात्याशी भांडलो. धरणात जमिनी गेल्या तेव्हा पुनर्वसनासाठी भांडलो. सावकाराशी भांडलो. बाहेरच्याशी भांडायला आपण शिकलोय. मोर्चा कसा काढायचा, निवेदन कसं द्यायचं, पोरंसुद्धा सांगतील. पण अलीकडं जी माणसं आपल्याकडं येतात ती काय सांगतात? "थोरल्यानं जमीन परस्पर विकली." "पुतण्यानं म्हाताऱ्याकडनं पावर करून घेतली." "बहिणींची नावंच सातबाऱ्यावर न्हाईत." इथं समोर सावकार नसतो, आपलाच रक्ताचा माणूस असतो. म्हणून आई बोलत नाही, बहीण बोलत नाही. भावाची अब्रू जाईल म्हणून गप्प बसतात. आणि गप्प बसण्यात जमीन जाते.

आधी पावर म्हणजे काय ते समजून घेऊ. मला अडचण आहे, मी येऊ शकत नाही, तर माझ्या वतीनं तू हे काम कर, अशी लेखी परवानगी. एवढाच त्याचा अर्थ. हा कागद मुळात वाईट नाही. पोरगा मुंबईला आहे, कुणी सहा महिने ऊसतोडीला गेलंय, कुणी अंथरुणाला खिळलंय, त्यांची कामं अडू नयेत म्हणून तो असतो. त्याचे दोन प्रकार. एक खास मुखत्यारपत्र, म्हणजे एकाच कामापुरतं. दुसरं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सगळ्या कामांचं. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जमीन विकणे, गहाण ठेवणे, साठेखत करणे, पैसे घेणे, पावती देणे, कोर्टात तडजोड करणे, सगळं हा करू शकतो. म्हाताऱ्याला सांगितलेलं असतं, "आण्णा, पेन्शनीच्या कागदावर अंगठा पायजे."

एका वाडीतली गोष्ट सांगते. नाव-गाव घेत नाही, कारण ती माणसं आपल्यातलीच आहेत आणि दावा अजून चालू आहे. म्हाताऱ्याच्या नावावर दोन एकराच्या आसपास वरकस जमीन. नाचणी-वरी निघायची, खालच्या बांधाला थोडं भात. दोन मुलगे, दोन मुली. धाकटा इचलकरंजीला मागावर कामाला. मुली लग्न होऊन गेलेल्या, त्यातली एक नवरा वारल्यावर माघारी आलेली. तीच म्हाताऱ्याला सांभाळायची आणि तीच जमीन कसायची. थोरल्याच्या पोराचं ऑपरेशन झालं, कर्ज झालं. तेव्हा तालुक्याचा एक एजंट घरी यायला लागला. त्यानं थोरल्याला दवाखान्यापुरते पैसे दिले आणि म्हाताऱ्याला गाडीत घालून तालुक्याला नेलं. निराधार योजनेचं काम आहे म्हणून सांगितलं. अंगठा झाला, फोटो झाला. कागद झाला तो कुलमुखत्यारपत्राचा, थोरल्याच्या नावानं.

पुढं म्हातारा वारला. दिवस-कार्य झालं. चार महिन्यांनी थोरल्यानं त्याच पावरवर बाहेरच्या माणसाला खरेदीखत करून दिलं. पावरवर खरेदी देताना मुखत्याराला घोषणापत्र लिहून द्यावं लागतं, की लिहून देणार हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. ज्या बापाला स्वतःच्या खांद्यावरून नेलं तो हयात आहे म्हणून मुलानं सही केली. कशासाठी? दवाखान्याच्या कर्जासाठी. एजंटानं त्या जमिनीवर काय मिळवलं ते थोरल्याला आजही माहीत नाही.

माघारी आलेल्या बहिणीला कधी कळलं? मोजणीवाले खुंटी रोवायला आले तेव्हा. ती बांधावर उभी राहिली. मग संघटनेकडं आली. आम्ही फेरफाराला हरकत घेतली. मृत्यूचा दाखला आणि खरेदीखताची तारीख शेजारी शेजारी ठेवली. नोंद मंजूर झाली नाही. जमीन आज तीच कसतेय. पण बापाच्या वर्षश्राद्धाला दोघे भाऊ एका पंगतीत बसले नाहीत. हे नुकसान कुठल्या कोर्टात भरून निघायचं?

अशा घरात काय काय झालं असतं तर ही वेळ आली नसती, ते एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट. पावर देणारा माणूस मेला की पावर मेली. १८७२ च्या करार कायद्याचं २०१ कलम तसं सांगतं. देणाऱ्याचं डोकं फिरलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो विकल मनाचा झाला, तरी ती संपते. मेल्या माणसाच्या पावरवर झालेली खरेदी टिकत नाही. बाप गेल्यावर जमीन वारसांची होते, पावरवाल्याची होत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काही पावरींत 'अपरिवर्तनीय', म्हणजे रद्द न होणारी, असं लिहितात आणि पैसे दिल्याचंही लिहितात. ज्यात घेणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला आहे, असा कागद मोडायला अवघड जातो. तो शब्द कागदात दिसला की हात मागं घ्या.

दुसरी गोष्ट. पावरवाला मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प विरुद्ध हरियाणा सरकार या निकालात स्पष्ट सांगितलं, की पावर, साठेखत आणि मृत्युपत्र असा कागदांचा जुडगा करून जमिनीची मालकी दुसऱ्याकडं जात नाही. मालकी जाते ती रीतसर नोंदणी झालेल्या खरेदीखतानंच. आणि एका भावानं दिलेली पावर बाकीच्या भावा-बहिणींना लागू होत नाही. ज्याचा जेवढा हिस्सा, त्याला तेवढंच देता येतं.

तिसरी गोष्ट, आणि ही आपल्यासाठी सगळ्यात मोठी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परस्पर देताच येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ३६-अ कलम पाठ करा. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची आधी मंजुरी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा बाकी कशालाही कलेक्टरची मंजुरी, आणि त्यालाही आधी राज्य सरकारची मान्यता लागते. जे काम मालकाला स्वतःला करायला बंदी आहे ते त्याचा मुखत्यार कसं करेल? तर पावरवर केलेली अशी विक्री बेकायदेशीर आहे. कलेक्टरकडं अर्ज करता येतो, आणि कलेक्टर स्वतःहूनही चौकशी लावू शकतो.

हा कायदा फुकट मिळालेला नाही. १९७४ साली जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्यासाठी तो होता. जमीन घेतलेले लोक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात न्यायालयानं कायदा कायम ठेवला. म्हणजे दुबळ्याकडनं घेतलेली जमीन सरकार परत देऊ शकतं, हे तेव्हाच ठरलंय.

आता आपल्या कोल्हापूरची अडचण वेगळी आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारखा पेसा कायदा इथं लागू नाही. म्हणून ऑफिसात कुणी कुणी सांगतं, "इथं आदिवासीचा कायदा चालत न्हाई." हे खोटं आहे. पेसा नाही, पण ३६-अ कलम सगळ्या महाराष्ट्राला आहे. अडचण एवढीच, की आपल्यातल्या पुष्कळांच्या सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असल्याची नोंदच नाही. नोंद नाही, म्हणून खरेदीखत करताना कुणी विचारत नाही. तेव्हा जातीचा दाखला जोडून तहसीलदाराकडं अर्ज करा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद लावून घ्या. आपल्या पट्ट्यात, आंबा घाटापासून गगनबावडा, दाजीपूर ते खाली चंदगडपर्यंत, जमिनीला आता भाव आलाय. कुणाला फार्महाऊस पाहिजे, कुणाला रिसॉर्ट, कुणाचा डोळा बॉक्साइटवर. काल ज्या माळाला कुणी फुकट घेत नव्हतं, त्यासाठी आज एजंट चहाला येतो.

चौथी गोष्ट वनहक्काच्या पट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जो पट्टा मिळतो त्याबद्दल त्याच कायद्याचं ४ (४) कलम सांगतं, की हा हक्क वारसांना मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. लग्न झालेलं जोडपं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाला. हा कायदा नुसता आदिवासींचा नाही. आपल्या शेजारचे धनगरवाडे, जे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलावर जगत आलेत, त्यांनाही तो आहे. त्यामुळं 'पट्ट्याची पावर द्या, मी विकून देतो' म्हणणारा माणूस सरळ फसवतोय. त्याला विकायला तिथं काही नाहीच.

पाचवी गोष्ट बायकांची. इथं पुरुषांनी जरा जास्त लक्ष द्यावं.

आपल्या जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढं 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं दिसतात. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीनं नाव लावलेला माणूस, एकटा मालक नाही. पण वर्षं गेली, अक्षरं पुसली, आणि मॅनेजरची पोरं मालक झाली. बहिणींचं तर नावच कधी चढलं नाही. चढलं तर पुढच्या वर्षी हक्कसोडपत्रावर सही. "दिवाळीला साडी देतो की, नाव कशाला ठेवतीस?" असं म्हणून सही घेतात. बहीण पण म्हणते, माहेर तुटायला नको. माझ्या आज्जीच्या तोंडचं सांगते, "साडी तीन वर्सात इरती, जमीन इरत न्हाई."

कायदा काय म्हणतो? आपल्यातले जे हिंदू वारसा कायद्यात येतात, म्हणजे मराठा, धनगर, दलित, त्यांच्या मुलींना २००५ च्या दुरुस्तीनं मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात ठरलं. पण अनुसूचित जमातींना तो कायदा आपोआप लागू होत नाही. त्याच्या २ (२) कलमात आपल्याला बाहेर ठेवलंय. आपल्या रूढी जपाव्यात म्हणून ते केलं असेल. पण त्याचा फायदा कुणी घेतला? "आदिवासी बाईला वाटा नसतो," असं सांगणाऱ्यांनी घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं, की आदिवासी मुलीला वारसाहक्क देण्यासाठी कायद्यात बदल करण्याचा विचार करा. मग १७ जुलै २०२५ ला आणखी एक निकाल आला. छत्तीसगडमधलं गोंड कुटुंब होतं. आईच्या वाट्यासाठी तिची मुलं भांडत होती. खालच्या कोर्टांनी त्यांना सांगितलं, की बाईला वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करून दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्नच उलटा केला. बाईला वाटा मिळत नाही अशी रूढी आहे, हे कुणी सिद्ध केलंय का? ते सिद्ध झालेलं नसताना केवळ बाई म्हणून तिला बाहेर ठेवणं संविधानातल्या समानतेच्या विरुद्ध आहे, असं सांगून वाटा दिला. आता कुणी म्हणालं की आपल्यात बाईला वाटा नसतो, तर विचारा, कुठं लिहिलंय ते दाखवा.

आणि भावांनो, याचा तुमच्या पावरीशी संबंध आहे. सातबाऱ्यावर एकच नाव असेल तर एजंटाला एकच माणूस फोडावा लागतो. चार भावंडांची नावं असतील तर चौघांना फोडावं लागतं. बहिणीचं नाव म्हणजे जमिनीला लावलेलं आणखी एक कुलूप आहे.

ही फक्त आपल्या वाड्यांची गोष्ट नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याचं प्रकरण पेपरात आलं. जवळजवळ ४० एकर महार वतनाची जमीन, सरकारच्या नावावर असलेली. मूळ वतनदारांच्या वारसांची मुखत्यारपत्रं एका माणसाकडं, आणि त्यावर ३०० कोटींचं खरेदीखत. गुन्हे नोंदवले गेले. दोषी कोण ते तपासात आणि कोर्टात ठरेल. आपण त्यातनं एवढंच घ्यायचं, की ज्यांच्या आज्यापणज्याची जमीन त्या वारसांकडं सहीचा कागद होता, आणि भाव ठरवणारे दुसरेच होते. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली महार वतनं रद्द करून जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. त्याच कोल्हापुरात उभं राहून आपण आपली नावं राखायची नाहीत तर काय करायचं?

आता करायचं काय, ते सांगते.

घरात कुणी वारलं की मृत्यूचा दाखला काढा आणि तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडं द्या. मुलगे, मुली, विधवा, सगळ्यांची नावं घाला. सरकारनं एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' म्हणून मोहीम काढली, ती याचसाठी, की मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची. आपल्या गावात किती सातबारे अजून मेलेल्यांच्या नावावर आहेत ते मोजा. बारावीच्या पोरापोरींनी हे काम घ्यावं. मोबाईलवर सातबारा बघता येतो. 'आपली चावडी'वर गावच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. महिन्यातनं एकदा बसून बघायचं, आपल्या वाडीच्या गटांवर काही हललंय का.

फेरफाराची नोटीस निघाली की १५ दिवसांत लेखी हरकत द्यायची. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. पोहोच घ्यायचीच. हरकत आली की प्रकरण वादाच्या नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताकडं अपील. पण ध्यानात ठेवा, फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. खोटं खरेदीखत रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टातच जावं लागतं, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

पावर दिली असेल आणि आता विश्वास राहिला नसेल तर ती रद्द करता येते. रद्दपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. मुखत्याराला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. पेपरात छोटी जाहीर नोटीस द्या. तलाठ्याला प्रत द्या. रद्द केल्याचं दुसऱ्याला कळलंच नाही, तर तो म्हणतो मला माहीत नव्हतं. म्हणून गाजावाजा करूनच रद्द करायची. आणि नवी द्यायचीच असेल तर खास द्या. एक काम, एक तारीख. 'विक्री' हा शब्द त्यात नको.

वकिलाला पैसे कुठले, असं म्हणू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि कुठल्याही जातीच्या बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. १५१०० या नंबरवर फोन लागतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात सुरू झालंय. अपिलाला मुंबईची गाडी धरायची वेळ आता नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी एक. पोराच्या नावावर जमीन करायचीच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं कागदात लिहून घ्या. तशी अट असेल आणि पोरानं सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रांतापुढच्या न्यायाधिकरणात तो कागद रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर अवघड जातं.

शेवटचं सांगते. त्या वाडीतल्या थोरल्या भावाला मी भेटले. तो वाईट माणूस नाही. पोराच्या ऑपरेशनला पैसे नव्हते, आणि पैसे घेऊन दारात आलेला पहिला माणूस एजंट होता. आपण कुणीच त्याच्या दारात गेलो नव्हतो. आपल्या घरातला माणूस जमीन विकतो त्याच्या आधी तो कुठंतरी एकटा पडलेला असतो. म्हणून नुसता कायदा सांगून भागणार नाही. संघटनेपुढं मी ठराव मांडते. एक, जमिनीच्या कुठल्याही कागदावर सही-अंगठा द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांची, बहिणी-सुनांसकट, बैठक घ्यायची आणि तो कागद वाडीत मोठ्यानं वाचायचा. दोन, दवाखान्याच्या अडचणीसाठी प्रत्येक वाडीनं बचत गटातनं वेगळा फंड काढायचा. तीन, वनहक्क समितीच्या बैठकीत वर्षातनं दोनदा सातबारा-वाचन करायचं. गावात सगळ्यांपुढं सातबारे वाचले की निम्म्या लबाड्या तिथंच उघड्या पडतात.

ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. आणि हात वर करणाऱ्यांनी येत्या अमावस्येच्या आत घरी जाऊन आपल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे का, ते बघून सांगायचं.

जमीन आमच्या हक्काची! जोहार!